हौदाचा तळ

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या गावाला सहकारी सोसायटीचा टँकर यायचा. आधी वरच्या आळीचा हौद भरायचा, मग आमच्या बौद्धवाड्याचा. दोन्ही हौद सारख्याच लांबी-रुंदीचे, आणि दोन्हींत निम्मं निम्मं पाणी सोडतो, असं टँकरवाला सांगायचा. माझ्या आईचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. सोसायटीच्या चेअरमनचा ऊस ऐन वैशाखात हिरवागार उभा होता. तो कशावर जगतो, हे गावात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

मी बीडला अकरावी सायन्सला होते, सुट्टीत घरी आले होते. एका सकाळी आई मला ओढतच हौदावर घेऊन गेली.

"बघ. दोन हात तरी हाय का पाणी?"

वाटत नव्हतं खरं. आमच्या बायकांनी हौद आतून घासून चुना लावला होता. तळाची बांगडीची काच अगदी हाताशी असल्यासारखी दिसत होती. वरच्या आळीतला हौद मात्र शेवाळलेला, पाणी काळंशार, तळाचा पत्ताच नाही. त्याचा कठडाही बुटका, त्यामुळे पाणी काठाशी आल्यासारखं वाटायचं.

"तिकडं डोह आन् आमाला डबकं," आई म्हणाली.

मी सांगितलं, पाण्यातून बाहेर पडताना उजेड वळतो, म्हणून तळ वर आल्यासारखा दिसतो. पातेल्यात बांगडी ठेवून आईला असं बसवलं की कडेआड बांगडी दिसू नये. मग पाणी ओतलं. बांगडी दिसायला लागली. आईनं पातेलं उचलून खालून निरखलं.

"हे तुझं पुस्तक सोसायटीनं छापलंय का गं?"

दुसऱ्या दिवशी टँकर रिकामा होताच ती वेळूची काठी घेऊनच उभी राहिली. आमच्या हौदात काठी पाण्याशी मोडल्यासारखी दिसली, तशी तिनं दचकून उपसली. काठी सरळच होती. तिच्यावरची ओल तीन हात भरली. वरच्या आळीत मात्र आई पुढं होताच एक बाई ओरडली, "हौदाला शिवू नका!" शेवटी टँकरवाल्यानंच काठी बुडवली.

"टेकली का तळाला? दाबून बघा, भाऊ."

"टेकली, मावशी."

तिथंही तीन हात. मला हायसं वाटलं, थोडी फुशारकीही. आई म्हणाली, "आज बराबर हाय. उद्याचं उद्या."

मग ती रोजच मापायला लागली. बायका हसायच्या, टँकरवाला वैतागायचा. आठवडाभरानं मी आमच्या हौदात डोकावले, तर पाणी नेहमीइतकंच वाटलं. काठीची ओल मात्र वीतभर कमी भरली. वरच्या आळीत तीन हात कायम.

"कावून कमी हाय?" आईनं विचारलं.

टँकरवाला टायरकडं बघत राहिला. "मला काय इचारता, मावशी? वर सोसायटीत इचारा."

आई भांडली नाही. सात-आठ बायका घेऊन, ओली काठी खांद्यावर टाकून ती सोसायटीच्या ऑफिसात गेली. आत काय बोलणं झालं ते तिनं मला कधी नीट सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून टँकर आधी आमच्या हौदावर यायला लागला. वीतभर पाणी कुठं गेलं, ते मात्र कुणीच कबूल केलं नाही.