बँडच्या कोटाचा गणवेश

बाळांनो, रविवारी फोनवर तुम्ही ते जाकीट दाखवलंत आणि कचऱ्यात टाकणार म्हणालात, तेव्हा मला वटार गावातल्या आमच्या शेजारच्या काकी आठवल्या. जाकिटाची कॉलर फक्त बाहेरून झिजली होती. काकी म्हणाल्या असत्या, "आतली बाजू नवीच हाय की." तुम्ही ते टाकायच्या आत हे पोहोचावं, म्हणून लगेच लिहायला बसले.

काकी शिवणकाम करत. झिजलेली कॉलर उसवून उलटी लावत, विरलेल्या लुगड्याचा मधला भाग कापून, धड कडा जोडून दंड घालत. कात्री जपून आणि जीभ सढळ वापरत. काका लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचे. पुढचे दात पडल्यावर सगळी हवा बाजूनेच जाऊ लागली आणि ट्रम्पेट थांबला. काकी त्यांच्यासमोरच सांगत, "माणूस भायेरून जुना झालाय. आतली बाजू नवीच हाय." काका बोळकं पसरून हसत.

आमच्या घरी खाणारी तोंडं सात आणि केळीची वाडी एवढीशी. मला इंग्रजी शाळेत जागा मिळाली, पण सोमवारी गणवेश नसला तर ती दुसऱ्या मुलीला देऊ, असं सिस्टरनी बजावलं होतं. शनिवारी आईने काकींच्या ओट्यावर बसून सांगितलं, की गणवेशाच्या निळ्या कापडाला पैसे नाहीत. काकी आत गेल्या आणि काकांचा बँडचा निळा कोट घेऊन आल्या.

"अगो, त्यांचा जीव हाय त्यात," आई म्हणाली.

"दात परत येनार हायत काय त्यांचे?"

"काप," काका म्हणाले. "बटनं तेवढी मला ठेव."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून काकी मशीनवर बसल्या. कापड उलटवलं तसं ते खरंच नवं निघालं. छातीवर मात्र त्यांनी कोटाचा सोनेरी अक्षरांचा खिसा मुद्दाम सुलटाच लावला. "इंग्लिश शाळा ना? मग इंग्लिश अक्षरं पायजेत." दोन्ही घरांत इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं. काकांनी तो कोट इतकी वर्षं घातला, पण त्यावर काय लिहिलंय हे कधी कोणाला विचारलं नव्हतं.

सोमवारी सिस्टर माझ्यासमोर थांबल्या.

"ब्रास बँड," त्यांनी वाचलं.

मला वाटलं, शाळेचं नाव असेल. मी मान डोलावली.

"तू काय वाजवतेस?"

"अजून काही नाही. शिकवलंत तर वाजवीन."

सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मग डोळे पुसत त्यांनी हजेरीत माझं नाव लिहिलं.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. काकी शांतपणे सुईत दोरा ओवत होत्या. "नाव लिवलं ना? मग अक्षरं बरोबरच होती."

शाळा संपेपर्यंत मी 'बँडवाली' होते. तो गणवेश माझ्यामागून दोन बहिणींनी घातला, मग त्याची बाजाराची पिशवी झाली. काका-काकी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आता बोळिंजच्या माझ्या स्वयंपाकघरात त्या कोटाचा वीतभर तुकडा आहे. गरम पातेलं मी त्यानेच उतरवते.