सर्वेशच्या जीन्सचे चार पाय

"माझो नांगर तुझ्या नवऱ्याक उभो जन्म धरून रवलो, तो तुझ्या तंबूक धरूचो नाय?"

भाईंनी, म्हणजे खुद्द त्या नवऱ्यानेच, हे विचारलं तेव्हा रुक्मिणीकाकी पडवीत करवंटी घासत होती.

ही आमची शेजारची काकी नारळाच्या करवंट्यांचे दिवे करते. करवंटी काचपेपरने घासून घासून आरशासारखी करायची, मग तिला बारीक भोकं पाडायची. आत दिवा लागला की भिंतीवर मासळी पोहायला लागते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी, एरवी अखंड बडबडणारी, बोलायचंच विसरले होते.

गेल्या वर्षी मालवणच्या किनाऱ्यावर हस्तकलेची जत्रा भरली आणि दुपारच्या वाऱ्याने काकीचा तंबू उचलला. वाळूतल्या खुंट्या रताळी उपटावीत तशा वर आल्या. वर्षभराचे दिवे फुटले. तिचा मुलगा सर्वेश मुंबईहून फोनवर म्हणाला, "आये, पुरे झाला आता." यंदा जत्रेवाल्या जितेंद्रने आधीच निरोप धाडला होता: खुंट्या चालणार नाहीत, तंबूच्या प्रत्येक पायाला वजन हवं. काकीने ऐकून घेतलं आणि घरात शांतपणे सांगितलं की औंदा तंबू उडाला तर राहिलेल्या करवंट्या चुलीत जातील. तिला ओळखणाऱ्या कुणालाही ही नुसती धमकी वाटली नाही.

म्हणून भाईंनी कंबर कसली. आयुष्य होडीवर काढलेला माणूस. दगडांना सुरूच्या फांद्या आवळून त्यांनी चार नांगर केले आणि घरासमोरच्या पुळणीवर तंबू उभारून चार पायांना बांधले. दोर मात्र ऐसपैस सैल सोडले. होडीला लाटेबरोबर वर जायला जागा लागते, ती न दिली तर दोर तुटतो. हात हेच शिकलेले. वारा आला. तंबू डौलात वर उठला, दोर संपेपर्यंत गेला, हिसका खाल्ला आणि कुशीवर आडवा झाला.



"तुमी होडी बांधलास," काकी म्हणाली. "ह्येका खंय जावचा आसा?"

मला हसू आवरेना. पण काकी हसत नव्हती. तिने छताचा एक कोपरा मुठीत धरला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. वारा कापडात भरत होता, तिचा हात वर ओढत होता, सोडत होता. करवंटीची जाडी बोटांनी जोखते तसा ती वारा जोखत होती.

"वारो ह्येच्या डोक्यात भरता," ती शेवटी म्हणाली. "खाली पाय धरून काय उपयोग? वरसून खाली ओढून धरूक व्हया."

घरात जाऊन तिने ट्रंक उघडली. सर्वेशच्या कॉलेजातल्या दोन जीन्स काढल्या आणि कात्रीने चारही पाय कापले. भाई हां हां म्हणेपर्यंत काम उरकलं होतं. प्रत्येकाचं एक तोंड जाळं विणायच्या दोऱ्याने दुहेरी शिवलं, दुसऱ्याला बांधायला दोरी ओवली. वजन कुठाय, मी विचारलं. ती माझ्याकडे वेड्यागत बघायला लागली. वाळू तर तिथेच होती की.

जत्रेच्या सकाळी ती एसटीतून उतरली तेव्हा तंबू भाईंच्या खांद्यावर होता आणि सगळी वजनं घडी घालून तिच्या पिशवीत. जितेंद्रने पिशवीत डोकावून विचारलं, "काकी, वजनं कुठायत?" ती म्हणाली, पायाखाली बघ. पाण्याजवळची ओली वाळू भरून चारही पाय टम्म फुगले. तिने ते छताच्या कोपऱ्यांतून ताठ लटकवले, बूड वाळूला टेकवलं आणि हलू नयेत म्हणून तंबूच्या पायांना वरपासून खालपर्यंत आवळले.

दुपार झाली आणि वारा आला. समुद्र पांढरा झाला, शेजारच्या स्टॉलवरच्या टोपल्या गडगडत गेल्या. काकीचं छत फुगलं, कापड ताडताड वाजलं, सगळे दिवे एकदम झोके घ्यायला लागले. भाईंचा हात सवयीने दोराकडे गेला.

"सोडा," काकी म्हणाली. "सर्वेश धरता."

भाईंनी हात काढला. तंबू थरथरत होता, पण पाय जागचे हलले नाहीत. मी त्या चार निळ्या पायांकडे बघत होते. एवढा समुद्र, एवढा वारा, आणि मध्ये ही स्टुलावर बसून करवंटी पुसतेय. अंधार पडायला लागला तसे तिने दिवे लावले. वाऱ्याने हलणारी मासळी कापडावरून पोहत गेली आणि येणारे-जाणारे बोलता बोलता थांबले.

शेवटच्या दिवशी तिने वाळू किनाऱ्यावर परत ओतली, चारही पाय झटकले. भाई म्हणाले, आता ही चिंधकं इथंच टाक.

तिने घडी घातली, पिशवीत तळाला ठेवली.

"फुडल्या वर्साक लागतली," ती म्हणाली.