भोंग्याने रंगवलेला नकाशा

भोंगा आमच्या रुग्णवाहिका केंद्रावरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. गाडीचा सायरन बिघडला तरी चालेल, हा खिडकीतून डोकं काढून ओरडला की रस्ता मोकळा होतो, असं सगळे म्हणायचे. त्यावरूनच हे नाव पडलं. मी त्याच्या गाडीवर नर्स होते. तो मला ‘सिस्टर’ म्हणायचा, मी त्याला ‘भाऊ’.

आमच्या शहरात तेव्हा भंगारवाल्यांच्या दोन टोळ्यांचं वैर पेटलं होतं. रोज कुठेतरी सळया, चॉपर, सायकलच्या चेनी निघायच्या. आम्ही माणसं उचलून आणायचो. कुणाचा पंजा लोंबकळत असायचा, कुणाचा जबडा बाजूला सरकलेला. गाडीची फरशी पाइप लावून धुतली तरी कडेच्या फटींतून लाल पाणी येतच राहायचं.

एका दुपारी भंगार बाजाराच्या रस्त्यावर एकजण पडलाय असा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा त्याचं डोकं कानापासून वरपर्यंत उघडं पडलं होतं. मी गुडघ्यावर बसून पट्टी दाबून धरली. भोंगा स्ट्रेचर ओढत होता. तेवढ्यात मागून आवाज आला, “त्याला वाचवताय होय रे?” आणि वीट आली. ती गाडीवर नाही, सरळ माझ्या तोंडावर आली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. भोंग्याने मला काखेत धरून आत फेकलं. त्या माणसालाही ओढून घेतलं. त्याच्या स्वतःच्या पाठीत दोन सळया बसल्या. तो गाडी चालवत होता आणि सारखा ओरडत होता, “सिस्टर, बोलत राहा! शिव्या द्या, पण बोलत राहा!” मी खरंच शिव्या दिल्या. तो माणूस दवाखान्याच्या दारातच दगावला. माझा डावा डोळा गेला.

मी बरी होऊन परत आले ती फोनच्या टेबलावर. भोंगा मात्र बदलला होता. मस्करी कमी, चिडचिड जास्त. एक दिवस मला म्हणाला, “नवीन पोरं गाडीवर येतात. त्यांना कुठे काय होतं याचा पत्ता नसतो. मला माहीत असून मी तुम्हाला त्या रस्त्यावर उतरवलं. हे डोळ्यांना दिसेल असं काहीतरी पाहिजे. वाचायला लावलं तर कोण वाचणार? बघितलं की कळलं पाहिजे.”

भोंग्याची शाळा अर्ध्यावर सुटलेली. फोन उचलायचा आणि ठेवायचा, यापलीकडे त्याची मजल नव्हती. त्याने झेरॉक्सच्या दुकानातून शहराचा कोरा नकाशा छापून आणला, त्यात फक्त वॉर्डांच्या रेघा होत्या. रंगीत पेन्सिली आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसला. गाडीवर जिथे जास्त हल्ले झाले तो वॉर्ड गडद लाल, त्याहून कमी तिथे नारिंगी, अगदीच शांत तिथे फिकट पिवळा. बायको म्हणाली, “या वयात बालवाडीत नाव घातलंत का?” तो म्हणाला, “आधी घातलं असतं तर बरं झालं असतं.”

पण पुढच्या महिन्यात हल्ल्यांचे आकडे बदलले. रबराने खोडता खोडता कागद फाटला. तेव्हा त्याची मेहुणी मदतीला आली. ती एका ग्रंथालयात नोकरीला होती. तिने त्याला आधी एक साइट दाखवली. तिथे कोरा नकाशा असतो, रंग निवडायचा आणि भागावर बोट टेकवायचं, की तो भाग रंगून निघतो. भोंगा संध्याकाळभर टक लावून बोट टेकवत बसला. मग मेहुणी म्हणाली, “भावोजी, दर वेळी हाताने कशाला? दोन रकाने करा. पहिल्यात वॉर्डाचं नाव, दुसऱ्यात आकडा. रंग कंप्यूटरच भरेल.”

महापालिकेने वॉर्डांच्या हद्दींची फाइल सगळ्यांसाठी ठेवली होती, ती तिने उतरवून घेतली, नकाशाच्या साइटवर चढवली आणि भोंग्याने एका बोटाने बडवलेला तक्ता तिला जोडला. नकाशा भरला. तीन वॉर्ड मात्र पांढरेच राहिले.

“हे का रुसले?” भोंग्याने विचारलं.

“तुम्ही नावं चुकीची लिहिलीत. फाइलमध्ये जसं आहे तस्संच पाहिजे, काना-मात्रेसकट.”

“माझ्या बायकोपेक्षा कडक दिसतंय हे,” तो म्हणाला. नाव दुरुस्त केलं, की लाजल्यासारखा वॉर्डावर रंग चढायचा. ती गंमत बघायला तो दोनदा मुद्दाम चुकला.

नकाशा केंद्राच्या भिंतीवर लागला. साहेब खूश झाले. सगळ्यात गडद होता तो खाणीखालचा वॉर्ड, जिथे भंगार बाजार आहे. साहेबांनी लगेच हुकूम काढला की लाल वॉर्डात पोलीस आल्याशिवाय गाडी आत न्यायची नाही, कोपऱ्यावर थांबायचं. ड्रायव्हरांनी नकाशाच्या छोट्या प्रती गाड्यांमध्ये चिकटवल्या. मलाही ते बरोबरच वाटलं. ज्याचा डोळा गेलाय त्याला वेगळं काय वाटणार?

खाणीखालच्या वॉर्डातच भोंग्याची मोठी बहीण राहायची. ताई आणि तिचा नवरा, ज्याला भोंगा ‘दाजी’ म्हणायचा. दाजी शिंपी. बाजारापासून वर, चढावरच्या गल्लीत त्यांचं दुकान, मागे घर. साधा माणूस. कापताना तोंडात टाचण्या धरायचा, त्यामुळे बोलणं आधीच कमी.

त्या दिवशी ऐन दुपारी एका टोळीतला एक पोरगेला माणूस पळत चढ चढून आला आणि दाजींच्या दुकानातून मागच्या दाराने निघून गेला. मागून दुसऱ्या टोळीचे चार-पाच जण आले. दाजींनी शटर खाली ओढायला हात घातला. एवढंच. त्यांच्यातल्या एकाचा कान अर्धा तुटलेला होता, सगळे त्याला कानतुट्या म्हणायचे. त्याने चॉपर मारला तो दाजींच्या मांडीत, वरच्या बाजूला. रक्त समोरच्या कोऱ्या कापडांच्या तागांवर उडालं. ताई आतून धावत आली. तिने कापडाची पट्टी फाडून मांडीला बांधली, वर दोन्ही हातांनी दाबलं. शेजारणीने आम्हाला फोन लावला.

तो फोन माझ्या शेजारच्या टेबलावर आला. गाडी लगेच सुटली. पण वॉर्ड लाल होता. ती चढाच्या पायथ्याशी, कोपऱ्यावर जाऊन थांबली. पोलीस तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या मारामारीत अडकले होते.

भोंगा चहा पीत माझ्यामागे उभा होता. त्याने ‘शिंप्याचं दुकान’ एवढंच ऐकलं. कप टेबलावर ठेवला की खाली पडला ते त्याला कळलं नसावं. गाडीची किल्ली उचलून तो एकटाच निघाला.

पायथ्याशी कानतुट्याची माणसं रस्ता अडवून उभी होती. थांबलेल्या गाडीचा ड्रायव्हर हात करत होता, “भोंगा, जाऊ नको!” भोंगा गेला. सळयांनी दोन्ही बाजूंच्या काचा फुटल्या. एकाने दार उघडून त्याला बाहेर खेचलं. तो गुरासारखा ओरडला, डोक्याने एकाचं नाक फोडलं, गाडीतून उपसलेली किल्ली मुठीत धरून दुसऱ्याच्या गालात घुसवली. मग त्याच्या उजव्या कोपरावर सळई बसली आणि हाड चामडीतून वर आलं. ते आपल्या दोघांना सावरेपर्यंत तसाच, एक हात लोंबकळत, पट्ट्यांची पिशवी दातात धरून तो चढ चढून गेला.

दाजी दुकानाच्या पायरीवर होते. चेहरा पांढऱ्या कागदासारखा. ताईचे हात कोपरापर्यंत लाल, आणि ती अजून दाबतच होती, दाबायला काही उरलं नव्हतं तरी. भोंग्याने गळ्याला बोट लावलं. मग तोही खाली बसला.

ताई त्याच्याकडे न बघता म्हणाली, “कोपऱ्यावर गाडी उभी होती. मला इथून दिसत होती. तिचा लाल दिवा फिरत होता. मी हाका मारल्या रे.”

भोंग्याच्या कोपरात स्टीलची पट्टी आणि खिळे घातले, तरी हात पुढे कधी सरळ झाला नाही. तो प्लास्टरमध्ये घरी पडून असताना ताई आली. मीही तिथे होते, त्याला बघायला गेले होते. ताईने दारातूनच विचारलं, “गाड्यांमध्ये चिकटवलेलं ते चित्र कुणी काढलं?”

“मी,” भोंगा म्हणाला.

तिने पुढे होऊन त्याच्या थोबाडीत दिली. मग दुसऱ्या गालावर. त्याची बायको मध्ये पडायला गेली तर तो म्हणाला, “मारू दे.” ताईचा हात तिसऱ्या वेळी वर गेला आणि तिथेच राहिला. ती पलंगाच्या कडेवर बसली.

मग ती म्हणाली, “दाखव मला ते.”

मेहुणीने दिलेला जुना लॅपटॉप भोंग्याने डाव्या हाताने उघडला. ताई नाकाला पदर लावून बघत राहिली. “हा सगळा वॉर्ड लाल? वरपासून खालपर्यंत? अरे, मारामाऱ्या होतात त्या बाजाराच्या एका रस्त्यावर. आमच्या गल्लीत आजवर गाडीला कुणी खडा तरी मारलाय का? आणि आमच्याकडे माणसं किती, मुंग्यांसारखी. तुमच्या गाड्याच सगळ्यात जास्त आमच्याकडे येतात. मग मारही जास्त दिसणारच की!”

भोंग्याला ते बोलणं मुक्या मारासारखं आतून लागलं असणार. तो एवढंच म्हणाला, “म्हणजे नुसता आकडा घ्यायचा नाही. शंभर फेऱ्यांमागे हल्ले किती, ते घ्यायला पाहिजे होतं.”

“मला शंभर-बिंभर काय ठाऊक! तू परत कर.”

उजवा हात प्लास्टरमध्ये, त्याला टाइप करता येत नव्हतं, म्हणून ताईच बसली. तो सांगायचा, ती एकेक अक्षर शोधून दाबायची. मेहुणी संध्याकाळी येऊन तपासायची. वॉर्डाऐवजी त्यांनी वस्त्या आणि रस्ते वेगळे केले. या छोट्या भागांच्या हद्दी कुठल्या फाइलमध्ये नव्हत्या, त्या नकाशावर माउसने ओढून काढाव्या लागल्या. ताई त्यात तरबेज झाली, शिंप्याची बायको, कापायची रेघ तिला ठाऊक. नवा नकाशा आला तेव्हा लाल होता फक्त बाजाराचा रस्ता. बाकी वॉर्ड शेजारच्या वॉर्डांसारखाच फिकट. मग ताईने आपणहून दुसरा करायला लावला, निळा. गाडी पोचायला जितका उशीर, तितका निळा गडद. हुकूम निघाल्यापासून चढावरच्या सगळ्या गल्ल्या जवळजवळ काळ्या पडल्या होत्या.

दोन्ही नकाशे घेऊन ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, “उद्या परत कुणाचा डोळा गेला तर?” आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, “साहेब, माझा डोळा बाजाराच्या रस्त्यावर गेला. ताईंच्या पायरीवर नाही.”

हुकूम बदलला. बाजाराचा रस्ता सोडून गाड्या आत जायला लागल्या. गाडीला कुणी हात लावू नये म्हणून चढावरच्या बायका पायथ्याशी येऊन तिच्या दोन्ही बाजूंनी चालायच्या. त्यामुळे मारामाऱ्या थांबल्या असं मात्र कुणी समजू नये. त्याच वर्षी बाजारात दोघांना जिवंत जाळलं.

आणि मग एकदा कानतुट्याच पडला. विरुद्ध टोळीने त्याच्या पोटात सुरा फिरवला होता. पोलिसांच्या हाती इतके दिवस न लागलेला माणूस, आणि जवळची गाडी भोंग्याची. वाकडा हात घेऊन तो पुन्हा ड्रायव्हर झाला होता. त्याने कानतुट्याला ओळखलं आणि उचलून गाडीत घातलं. उड्डाणपुलावर मात्र त्याने गाडी बाजूला घेतली आणि मागचं दार उघडलं. नव्या नर्सला वाटलं काही बिघाड झाला. भोंग्याने आत चढून डाव्या हाताने कानतुट्याचा गळा धरला. नर्स किंचाळली, त्याचं मनगट ओढायला लागली. कानतुट्याचे डोळे बाहेर आले. तो एका हाताने स्वतःची आतडी धरून होता, तोच हात काढून भोंग्याची बोटं सोडवायला बघायला लागला.

“तो हात पोटावरून सुटला ना, सिस्टर,” भोंग्याने मला नंतर सांगितलं, “तेव्हा मी सवयीने माझा हात तिथे दाबला. गळ्यावरचा काढून. मला काही दया-बिया आली नाही. हाताला सवय, बस.”

कानतुट्या जगला आणि तुरुंगात गेला. नर्सने तक्रार केली. भोंग्याला गाडीवरून काढलं. ते योग्यच होतं असं तोच म्हणायचा. त्याला नव्या ड्रायव्हरांना शिकवायच्या कामावर घातलं. कुठे थांबायचं, कुठे थांबायचं नाही, आणि दोन रकान्यांचा तक्ता करून नकाशा कसा रंगवायचा, सगळं. पोरं त्याला घाबरायची.

ताईला त्याने स्वतःच सांगितलं. ती शिवणयंत्रावर बसली होती, दुकान आता तीच चालवायची. तिने पाय थांबवला. “मी असते तर सोडलं नसतं,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” तो म्हणाला.

तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. पण महिनाअखेरीला आकडे आले, की ती केंद्रावर यायची, त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसायची आणि तो सांगेल ते टाइप करायची.