वापरणाऱ्याची चूक

मी आज जो काही आहे तो माझ्या अक्कामुळं. अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा निपाणीकडच्या आमच्या गावातली पिठाची गिरणी तिच्या अंगावर पडली, आणि गिरणीबरोबर मीही. ती चौथी शिकलेली. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. धारवाडला राहून शेतीचं शिक्षण घेतलं. ते शिकून पुढं काय होणार, असं तिनं मला एकदाही विचारलं नाही. सुट्टीत घरी गेलो की पीठ लागलेल्या हातांनी माझी वह्या-पुस्तकं उघडून बघायची आणि अक्षर बरं आहे म्हणायची.

गिरणी डिझेल इंजिनावर चालायची. सकाळी अक्का पदर खोचायची, एका हातानं हँडल गरगर फिरवायची, वेग आला की दुसऱ्या हातानं खटका पाडायची आणि इंजिन धडधडायला लागायचं. हँडलनं उलटा झटका दिला तर मनगट मोडतं, म्हणून गावातले बाप्ये त्याच्यापासून लांब उभे राहायचे. एखाद्या दिवशी इंजिन लागलं नाही तर अक्का त्याला शिव्या द्यायची नाही. समोर स्टूल ओढून बसायची आणि म्हणायची, "त्याला कायतरी पाहिजे हाय. काय पाहिजे ते ओळखायचं."

खंडेनवमीला इंजिनाची पूजा व्हायची. चाकाला, पट्ट्याच्या कप्पीला, डिझेलच्या टाकीच्या झाकणाला गंध-कुंकवाची बोटं लागायची, वर झेंडूची माळ. पूजेआधी अक्का काडीपेटीतली एक काडी त्या झाकणावर उभी खोचायची आणि कुंकू वाळलं की काढून टाकायची. मला तो पूजेचाच भाग वाटायचा. दुर्वा का, लिंबू का हे जिथं कुणी विचारत नाही, तिथं काडी का हे मी तरी कशाला विचारू.

पदवीनंतर मी बेंगळूरला आलो. देवनहळ्ळीजवळच्या एका रोपवाटिकेत सहा वर्षं नोकरी केली आणि मग स्वतःचं काम सुरू केलं: झाडांची छाटणी, पडलेल्या फांद्या उचलणं, प्लॉट पाडून लेआउट करायला घेतलेल्या जमिनीतली जुनी निलगिरी काढून देणं. सुरुवातीला करवत भाड्यानं आणायचो. करवतवाला त्याच्या सवडीनं यायचा आणि गिऱ्हाईक माझ्यावर डाफरायचं. हे अक्काला कळलं. तेव्हा तिनं गिरणीला विजेची मोटर बसवली होती आणि जुनं इंजिन कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं. ते तिनं विकलं आणि त्यातून मला पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन दिली. "दुसऱ्याच्या हत्याराच्या वेळेवर आपलं काम ठेवू नये," एवढंच म्हणाली.

नवी करवत दोन महिने झकास चालली. मग आयुधपूजा आली, म्हणजे आपली खंडेनवमीच. बेंगळूरात त्या दिवशी बसपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना हार पडतात. मीही करवत पुसली, फुलं वाहिली, चंदन आणि कुंकू कालवून बोटं ओढली. पेट्रोलच्या टाकीचं गोल झाकण मला अगदी कपाळासारखं वाटलं, म्हणून तिथं जरा ठसठशीत लावलं.

त्यानंतरच्या आठवड्यात मल्लेश्वरममध्ये एका जुन्या घराच्या आवारात आंब्याची मोडलेली फांदी कापत होतो. करवत सात-आठ मिनिटं चालली आणि मरगळून बंद पडली. दोरी ओढली, ओढली, खांदा उतरायची वेळ आली. घरमालकीण बाई पायरीवर कॉफी घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "दमली असेल हो, तिला पण स्वल्प कॉफी द्या." अर्ध्या तासानं दोरी ओढली तर करवत लागली आणि परत तेवढ्याच वेळानं बंद पडली. उरलेली फांदी मी हातकरवतीनं कापली.

जिथून करवत घेतली होती त्या विक्रेत्याकडं गेलो. बसमध्ये पेट्रोल चालत नाही, म्हणून टाकी रिकामी करून नेली. काउंटरवरच्या माणसानं झाकण उघडलं, आत बघितलं, स्वतःचं पेट्रोल भरलं आणि दुसऱ्या झटक्याला करवत सुरू केली. पंधरा-वीस सेकंद गुरगुरू दिली आणि बंद केली.

"चालू आहे की सर."

"थोडा वेळ चालवून बघा. सात-आठ मिनिटांनी बंद पडते."

"दुकानात धूर होतो सर. तुम्ही चोक बरोबर वापरत नसाल. मोबाइलवर व्हिडिओ असतात, बघून घ्या."

मी घरी येऊन व्हिडिओ बघितले. त्यातला माणूस जे करत होता तेच मी करत होतो. चार दिवसांनी परत गेलो. परत त्यानं झाकण उघडलं, पेट्रोल भरलं, परत दुसऱ्या झटक्याला सुरू. या वेळी त्यानं करवतीच्या सर्व्हिस कार्डावर काहीतरी लिहिलं आणि सही मागितली. मी वाचलं. इंग्रजीत लिहिलं होतं: मशीनमध्ये दोष नाही, वापरणाऱ्याला चालू करता येत नाही.

"हे मला मान्य नाही," मी म्हणालो.

"नुसतं फॉर्मॅलिटीसाठी आहे सर. सगळेच करतात सही."

"तुम्ही दहा मिनिटं चालवून बघितली, असं आधी लिहा. मग सही करतो."

तो हसला आणि मागच्या गिऱ्हाइकाकडं वळला. मी सही केली नाही. पण घरी येताना बसमध्ये ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. चालू करता येत नाही. मी अशा बाईच्या घरी वाढलो होतो जिच्या हँडलला गावातले बाप्ये भ्यायचे.

अक्काचा फोन रविवारी यायचा. गिरणीच्या आवाजानं तिचे कान गेलेत; फोनवर ती बोलते, आपलं तिला फारसं ऐकू येत नाही. आपण लांबलचक सांगायला लागलो की वैतागते. तिला नीट ऐकू येणारा एकच शब्द म्हणजे हो. "करवत चालतीया न्हवं?" ती ओरडून विचारायची आणि मी ओरडून सांगायचो, "हो." खरं काय ते सांगायला पत्र लिहावं लागलं असतं, आणि मी ते लिहीत नव्हतो.

मग कुणीतरी चामराजपेटमधल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं नाव सांगितलं. फवारणीचे पंप, गवत कापायची मशीनं, सगळं दुरुस्त करतो म्हणे. त्यांचं घराणं चार पिढ्या बेंगळूरात, घरात मराठी. मी मराठीत बोललो तसे खुलले. "बस तम्मा, स्वल्प थांब. कुठलं गाव? निपाणी? अरे वा, मग तू आमचाच की." त्यांनी प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून साफ केला, फिल्टर फुंकला. टाकी उघडून पेट्रोलचा वास घेतला. झटक्यात सुरू. "सरी, झालं बघ. जा आता, काम कर."

देवनहळ्ळीला निलगिरी काढायचं काम चालू होतं, तिथं सात मिनिटांत बंद. परत त्यांच्याकडं. त्यांनी परत सगळं खोललं, आणि शेवटी प्रामाणिकपणानं म्हणाले, "मला कळंना रे. आजकालच्या मशीनांना दम नाही. पहिल्यांदा ज्यांनी विकली त्यांच्याच गळ्यात मार."

म्हणून तिसऱ्यांदा विक्रेत्याकडं गेलो. आता तो जास्त गोड बोलला. "सर, सिलिंडरमध्येच प्रॉब्लेम असणार. दुरुस्तीत अर्थ नाही. ही आम्हाला एक्स्चेंजमध्ये द्या, भंगाराच्या भावात धरतो. नवी मोठी मशीन न्या. आजच केलं तर बरं."

"मागच्या वेळी दोष नाही म्हणालात. मग आता सिलिंडर कसा गेला?"

"चुकीच्या वापरानं जातो सर."

एक्स्चेंजचा फॉर्म समोर होता. पेनाचं टोपणसुद्धा त्यानंच काढून दिलं होतं. मला एकदम दिसलं, की ही सही केली तर अक्काचं इंजिन दुसऱ्यांदा विकलं जाईल. पहिल्यांदा तिनं विकलं होतं. या वेळी मी विकणार होतो, आणि तेसुद्धा मला चालू करता येत नाही हे कबूल करून. मी पेनाला टोपण लावलं.

"ही भंगारात जाणार नाही," मी म्हणालो. "मी दुरुस्त करून इथंच आणीन, आणि तुम्हाला दहा मिनिटं उभं राहून ऐकावं लागेल."

"तुम्ही इंजिनियर आहात का?"

"नाही. गिरणीवाला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवनहळ्ळीच्या रानात गेलो. सकाळच मुद्दाम धरली, डोकं ताजं असतं. करवत सुरू केली, निलगिरीचे दोन बुंधे कापले आणि ती बंद पडली. या वेळी मी दोरीला हात लावला नाही. ओंडक्यावर बसलो, करवत समोर ठेवली. त्याला कायतरी पाहिजे हाय. प्लग नवा होता, ठिणगी पडत होती. पेट्रोल अर्धी टाकी होतं, हलवलं की वाजत होतं. म्हणजे पेट्रोल होतं, पण पुढं जात नव्हतं. मी झाकण अगदी हळू सैल केलं आणि सुस्स असा आवाज आला. टाकीनं बाहेरची हवा आत ओढून घेतली. झाकण परत लावलं, दोरी ओढली. करवत लागली.

मी करवत बंद केली आणि झाकणाकडं बघत राहिलो. कुंकू होतं तिथंच होतं, लाकडाच्या भुश्यानं आणि तेलानं काळपट झालेलं. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं. ते आपणहून जाईल तेव्हा जाईल. बेंगळूरात अर्ध्या गाड्या त्या कुंकवानं वर्षभर हिंडतात. मी नखानं खरवडलं. खाली सुईच्या टोकाएवढं भोक होतं, आणि त्यात चंदन-कुंकू सिमेंटासारखं बसलं होतं. पेट्रोल खाली जाईल तशी हवा आत यावी म्हणून ते भोक असतं. हवा येईना, म्हणून थोड्या वेळानं पेट्रोल अडायचं. आणि दुकानात प्रत्येक जण आधी झाकण उघडायचा, त्यामुळं तिथं ती कायम चांगलीच असायची.

तेव्हा मला काडी आठवली.

भोक तारेनं मोकळं केलं. त्या दिवशी करवत दुपारपर्यंत चालली. टाकी रिकामी झाली तेवढीच थांबली.

चामराजपेटला आधी गेलो. म्हाताऱ्यांना झाकण दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "मी बघितलं होतं रे ते कुंकू. पण पूजेचं कुंकू कोण पुसतो?" आणि लहान मुलासारखे हसत सुटले. त्यांच्यावर माझा राग नव्हताच.

मग विक्रेत्याकडं. दुकानाबाहेरच्या फरशीवर करवत सुरू केली आणि घड्याळ काउंटरवर ठेवलं. धूर झाला. शेजारचा टायरवाला बाहेर आला. दहा मिनिटं होऊन गेली, करवत चालूच. मी ती बंद करून काय झालं होतं ते सांगितलं, काहीही न लपवता.

"म्हणजे चूक तुमचीच होती ना सर?"

"हो. कुंकू मी लावलं. पण तुम्ही लिहिलेली चूक ती नाही. तुम्ही लिहिलंय, मला चालू करता येत नाही. ते खोडा."

"आता त्यानं काय फरक पडतो?"

"मला पडतो. आणि दोन वेळा झाकण तुम्ही स्वतःच्या हातानं उघडलंत. शोधणं तुमचं काम होतं. तुम्हाला त्यापेक्षा माझी करवत भंगारात घेणं सोपं वाटलं."

टायरवाला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला, त्यावर दोन माणसं हसली. काउंटरवरच्या माणसानं कार्ड काढलं आणि त्या ओळीवर रेघ मारली. शेजारी मी सही करायला लावली, ती मात्र त्याची.

त्याच संध्याकाळी अक्काला पत्र टाकलं. ते असं होतं:

ती. अक्कास सा. नमस्कार,

गेले पाच रविवार तू विचारलंस आणि मी हो म्हणालो. ते खोटं होतं. करवत बंद पडत होती. तुला फोनवर ऐकू येत नाही हे निमित्त झालं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. इंजिन विकून तू दिलेली वस्तू मी दोन महिन्यांत घालवली, असं तुला वाटेल म्हणून भ्यालो.

बिघाड एवढाच होता, की आयुधपूजेला मी टाकीच्या झाकणावर कुंकू लावलं आणि भोक बुजलं. तू काडी खोचायचीस ती कशाला, हे मला आज या वयात कळलं. चार वर्षं शिकलो आणि ते विचारायचं राहिलं. तूही सांगितलं नाहीस. तुला वाटलं असणार, बघतोय म्हणजे कळलंच असेल.

दुकानदारानं भंगारात मागितली होती. दिली नाही. त्यानं मला चालू करता येत नाही असं लिहिलं होतं, ते खोडून घेतलं. तू असतीस तर त्याला हँडल फिरवायला दिलं असतंस.

गिरणीत अजून अशा काय काय गोष्टी तू करायचीस आणि मी नुसता बघत होतो, त्या आठवतील तशा लिहून पाठव. अक्षराची काळजी करू नको.

करवत चालते आहे. हे मात्र खरं.

तुझा धाकटा

ता. क. पुढच्या पूजेसाठी एक काडी आत्ताच जपून ठेवली आहे. गुल मोडून टाकला आहे. तुझं डिझेल होतं, इथं पेट्रोल आहे.