आईचा वेल, सुभेदारांचं पाणी

आई गेल्यावर कवठे महांकाळच्या घरातून मी फक्त तिचा मनी प्लांट आणला. भांडी, कपाट भावाने ठेवून घेतलं. वेलावर कुणाचा दावा नव्हता. पाण्याची टंचाई असलेल्या त्या गावात आईने तो तांदूळ धुतलेल्या पाण्यावर वाढवला होता. पानांवर पांढरे पट्टे होते. साताऱ्यातल्या फ्लॅटमध्ये मी तो खिडकीत, पडद्याआड ठेवला.

निवडणुकीच्या बातम्यांसाठी मला फलटणला मुक्काम करावा लागला. किल्ली समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त सुभेदारांकडे दिली. सूचना एकच होती: मातीत बोट घालून बघायचं, कोरडं निघालं तरच पाणी.

परतले तेव्हा कुंडीखालची ताटली काठोकाठ भरलेली होती. खालची पानं पिवळी, देठ मऊ. कुंडी उपडी केली. मुळं काळी पडली होती आणि बोटांत चिरडली जात होती. जगेल अशी एकही फांदी उरली नव्हती.

"आवं म्याडम, रोज सकाळी तांब्याभर घातलं. एक दिस चुकवला न्हाई," सुभेदार म्हणाले. फौजेतल्या सवयीने त्यांनी पाणी घालणं ही रोजची ड्यूटी करून टाकली होती. वर सांगितलं की झाडं ठेवायची तर माणसाला घरात राहावं लागतं.

मी किल्ली परत घेतली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्याकडे गेले. टीव्हीशेजारी पांढऱ्या पट्ट्यांचा वेल होता. सुभेदारांच्या पत्नीने सगळ्यांसमोर हसत सांगितलं की मनी प्लांट मागून आणला तर लागत नाही, चोरूनच आणावा लागतो. मी फलटणला असताना सुभेदारांनी माझ्याच कुंडीतली फांदी आणली होती. आता त्या स्वतः माती चाचपून पाणी घालतात, सुभेदारांना हात लावू देत नाहीत. बायका हसल्या. मी तिळगूळ खाल्ला, वाण घेतलं आणि घरी आले.

उन्हाळ्यात ती दोघं मुलीकडे पुण्याला निघाली. किल्ली माझ्याकडे आली.

"तेवढं झाडाकडं बघा. हिचा लय जीव हाय त्याच्यावर," सुभेदार म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी कात्री धुऊन वेलाच्या फांद्या गाठींच्या खाली कापल्या. पाण्यात बुडतील ती पानं काढली आणि फांद्या माझ्या खिडकीत काचेच्या बाटल्यांत लावल्या. त्यांच्या कुंडीत एकच फांदी ठेवली. कुंडीखाली खोल ताटली सरकवली. मग रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं. पानं पिवळी पडू लागली तेव्हाही घातलं.

ते आले त्या दिवशी सुभेदारांनी माझं दार वाजवलं. मागे त्यांची पत्नी उभी होती, डोळे लाल.

"पाणी घातलं न्हाई व्हय?"

"घातलं की. रोज सकाळी तांब्याभर. एक दिवस चुकवला नाही."

त्यांची नजर माझ्या खांद्यावरून खिडकीकडे गेली. बाटल्यांत पांढरी मुळं उतरली होती, पट्ट्यांची नवी पानं उलगडत होती.

"एखादी फांदी द्या की मग," ते हळू आवाजात म्हणाले.

"मागून लागत नाही म्हणतात," मी म्हटलं आणि दार लावलं.

आता बाहेरगावी जाताना किल्ली माझ्या पर्समध्ये असते. बाटल्यांतून कुंडीत लावलेला वेल मी परत येईपर्यंत कोरडा राहतो. त्याचं काही बिघडत नाही.