चौथा गोठा

आमच्या आबांचा गोठा तीनदा हलला, आणि तिन्ही वेळा शहरानंच त्याला पुढं ढकललं. पहिला गोठा पेठेत, भाड्याच्या घराच्या मागं. शेजाऱ्यांनी मजले चढवले, वरच्यांना शेणाचा वास यायला लागला, की निघाले आबा म्हशी घेऊन नाक्यापलीकडं. तिथं मंगल कार्यालय झालं. मग रिंगरोडच्या कडेला, उसाला लागून एक पडीक तुकडा भाड्यानं घेतला. "आता हितं कोण येतंय मरायला," आबा म्हणाले होते. आले की! सगळे आले. आणि त्यात मी पहिली.

मी आबांची एकुलती लेक, शाळेत क्लार्क. आमचे हे शिरोली एमआयडीसीत कामाला. उसाचं रान मोडून अपार्टमेंट उभं राहिलं, तसा आम्ही दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आई गेल्यापासून आबा गोठ्यातच झोपायचे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची खाट दिसायची, याचं मला केवढं कौतुक! ऊस मोडला म्हणून एकदाही वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

बाहेरगावच्या माणसासाठी सांगते. कोल्हापुरात पिशवीतलं दूध पिणाऱ्याला आम्ही जरा आजारी समजतो. संध्याकाळी म्हशी चालत गावात येतात, कट्ट्यावर उभ्या राहतात आणि गिऱ्हाइकासमोर थेट ग्लासात धार काढून मिळते. फेसासकट, कोमट. आबांनी उभ्या जन्मात किटलीतलं दूध विकलं नाही. पण गोठा लांब गेला तशी म्हशींची पायपीट वाढली. आधी दहा मिनिटं लागायची, आता पाऊण तास. वाटेत डंपर, हॉर्न, सिग्नल. बिथरलेली म्हैस पान्हा चोरते, कासेत दूध असून सोडत नाही. आबा तिच्या पाठीवर हात फिरवत बसायचे आणि गिऱ्हाईक घड्याळ बघायचं.

त्या सकाळी मी भाकऱ्या थापत होते. वॉचमन कागद घेऊन दारात. "वैनी, सोसायटीचा अर्ज हाय. सगळ्यांनी सह्या केल्यात." आठवडाभर पाण्याची बोंब चाललेली. मला वाटलं, टँकरचंच असणार. पिठाच्या हातानं सही ठोकली आणि तव्यावरची भाकरी उलटायला पळाले. शाळेत लोकांच्या अर्जातल्या वेलांटीच्या चुका काढणारी मी, शहाणी!

पंधरा दिवसांनी आबा वर आले. पायाला शेण असतं म्हणून ते कधी वर येत नसत. चप्पल जिन्यात काढली, आत आले आणि कागद पुढं केला. जागामालकानं महिन्यात गोठा खाली करायला सांगितलं होतं, आणि सोबत आमच्या सोसायटीच्या अर्जाची झेरॉक्स जोडली होती. वास, माश्या, रहिवाशांच्या आरोग्यास धोका. खाली सह्यांची रांग. आबांचं बोट एका सहीवर येऊन थांबलं. शेजारी पिठाच्या बोटाचा डागसुद्धा आला होता.

"ही तुजीच न्हवं?"

"आबा, मी वाचलंच न्हाय."

"बरं," म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या तसाच ठेवून खाली गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी राहवेना म्हणून कट्ट्यावर गेले. बघते तर रांगेत पहिले आमच्या सोसायटीचे चेअरमन, हातात घरचा स्टीलचा ग्लास.

"काका, तुम्ही इथं?"

"रोज येतो की! खास गाडी काढून. असं दूध आपल्या भागात कुठं मिळतंय?"

माझी सटकली. "आपल्या भागात? अवो, तुमच्या गॅलरीखालच्याच म्हशी हायत ह्या! शेजारी म्हैस नको आन् ग्लासात धार पायजे व्हय?"

सगळा कट्टा वळून बघायला लागला. चेअरमनांचा चेहरा पडला; त्यांना खरंच माहीत नव्हतं. माझ्या आवाजानं म्हैस बुजली, लाथ झाडली आणि तिनं पान्हा चोरला. आबा मान वर न करता म्हणाले, "ए बाई, गप की. गिऱ्हाईक हाय त्ये. आन् सही तुजीबी हाय."

मी तशीच घरी आले.

चेअरमन माणूस वाईट नव्हता. दोन दिवसांत त्यांनी दारोदार फिरून अर्ज मागं घेतला. ह्या वेळी मी अक्षर न् अक्षर वाचून सही केली. पण वरातीमागून घोडं. जागामालकाला प्लॉट पाडायचेच होते, आमचा कागद त्याला आयता मिळाला. खुंट्या ठोकल्या, पांढऱ्या फक्कीच्या रेघा पडल्या. आबा चौथ्या जागेसाठी वणवण फिरले. मिळाली, पण दोन गावं ओलांडून. "तितनं चालत कट्ट्यावर येस्तवर म्हस वाटंतच आटंल," म्हणाले, आणि चारी म्हशी शिरोळच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकल्या. एक दावं तेवढं ठेवून घेतलं.

आबा आमच्याकडं राहायला आले. फरशीवर पाय ठेवत म्हणाले, "हा चवथा गोठा. शेण न्हाय, एवढंच." आमचे हे हसले. मला हसू येईना.

चार वाजले की आबा टोपी घालतात. जिना उतरतात, पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारतात, वर येतात, परत उतरतात. "लिफ्टनं जावा की," म्हटलं तर म्हणतात, "जायाचं कुटं हाय?" त्यांची ती चपलांची फटक फटक ऐकून माझंही कशात लक्ष लागत नाही. खिडकीशी जावं तर खाली खड्डा खणलेला, आणि पोकलेनची घरघर.

परवा त्यांना स्कूटरवर मागं बसवलं आणि कट्ट्यावर नेलं. आबांच्या जागी कुणी नवा गवळी बसला होता, कुठल्या गावचा कोण जाणे. त्याची म्हैस पान्हा सोडत नव्हती आणि रांग कुरकुरत होती. आबांना राहवलं नाही. पुढं झाले, च् च् करत तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हैस दचकून बाजूला सरकली.

"पावणं, जरा मागं सरा की," गवळी वर न बघताच म्हणाला. "अनोळखी मानसाला बुजती ती."

आबांनी हात काढून घेतला. दोन पावलं मागं आले आणि माझ्या शेजारी, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहिले.