जास्त चांगलं निघालेलं लोखंड

कोथरूडमधल्या आमच्या ऑफिसात प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात डिझाइन करणाऱ्याच्या सहीची एक चौकट असे. डिझाइन मी करायचे, सही ऑफिसचे प्रमुख असलेले सर करायचे. दोन वर्षं त्या चौकटीवर माझा डोळा होता. मांजरी गावातल्या गोदामाचं डिझाइन मी एकटीने पार पाडलं, तेव्हा वाटलं, आता तरी पेन माझ्या हाती येईल.

त्यातच त्या गोदामाच्या लोखंडाचा टेस्ट रिपोर्ट आला. सॉफ्टवेअरमध्ये मी ताकद अडीचशे मेगापास्कल धरली होती. निघाली तीनशे वीस! मी जवळजवळ नाचतच केबिनमध्ये गेले.

"वा," सर म्हणाले. "पेढे नाही आणलेत ना? बरं केलंत. भूकंपात आधी कोणी नमायचं?"

"खांबांमधल्या तिरक्या आधारांनी, ब्रेसनी, सर. त्या ताणल्या जातात म्हणून बाकीचं वाचतं."

"आणि नमायला नेमलेलीच हटून बसली, तर?"

तर तिला धरून ठेवणारा जोड तुटणार. माझा चेहरा खर्रकन उतरला.

तीनशे वीस घालून मॉडेल पुन्हा चालवलं. ब्रेस खुशाल होत्या, जोड एकजात लाल, म्हणजे नापास. पंचाईत अशी, की त्या जोडांच्या प्लेटा मांजरीत कापून तयार होत्या. "सॉफ्टवेअरने बदल सुचवलाय," असं फोनवर सांगून भागलं असतं. ते वाक्य मी घोळवूनही ठेवलं होतं, पण माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी स्कूटी काढली आणि त्या प्लेटा कापणाऱ्या, सगळे ज्यांना मामा म्हणत त्या फॅब्रिकेटरपुढे जाऊन उभी राहिले.

"मामा, चूक माझी आहे. लोखंड जास्त ताकदीचं निघू शकतं, हे मी आधीच धरायला हवं होतं."

मामांनी प्लेटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजी लोखंड चांगलं हाय, म्हनून नापास? आमच्या पोरीला जास्त मार्क पडलं तर आमी साखर वाटतो, म्याडम!" मग हसले, चहा मागवला आणि नवी मापं लिहून घेतली.

सुधारलेलं ड्रॉइंग सरांनी सावकाश तपासलं.

"मामांना काय सांगितलंत? सॉफ्टवेअर चुकलं?"

"नाही सर. मी चुकले."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.

"चौकट लहान आहे. सही आवरती घ्या."

दोन वर्षं रद्दी कागदांवर गिरवलेली ती सही चौकटीबाहेर गेलीच.